ताहिराचा अनफिट नवरा

आमच्या इमारतीत ताहिरासारखी बोलघेवडी बाई दुसरी नव्हती आणि तिच्यासारखी तोंड मिटून बसणारीही दुसरी नव्हती. जिन्यातला दिवा कोण फोडतं, तळमजल्यावरच्या शिंप्याने ब्लाऊजची बाही कशी बिघडवली, पापलेट ताजं कसं ओळखायचं, यावर ती दारात उभ्या उभ्या तासभर बोलायची. नवऱ्याचा विषय निघाला की मात्र ‘आहेत मजेत’ म्हणून पुन्हा पापलेटावर यायची.

मी शोभा, तिच्या समोरच्या दारात राहणारी. पनवेलला डॉक्टर चौलकर म्हणून हृदयाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी काउंटरवर बसायचे. नावं लिहून घ्यायची, रिपोर्ट लावून ठेवायचे आणि रांगेत भांडणाऱ्यांना गप्प करायचं, हे माझं काम. त्यातलं शेवटचं मला फार चांगलं जमायचं. तिथे बसून एक गोष्ट मी पक्की ओळखली आहे. माणसं काउंटरवर आपलं सगळं रामायण सांगतात आणि आत डॉक्टरांसमोर बसली की म्हणतात, ‘काही नाही, जरा गॅस होतो.’ या सवयीची मला मनस्वी चीड आहे. ताहिराची गोष्ट सांगताना ती चीड मधूनच वर येईल, त्याला माझा इलाज नाही.

ताहिराचा नवरा नझीर आखातात, दोह्याला क्रेन चालवायचा. आम्ही सगळे त्यांना नझीरभाई म्हणायचो. लग्नाची हळद उतरायच्या आत ते गेले, आणि मग दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे. अरसलान झाला तेव्हा ते तिकडे, आयत झाली तेव्हाही तिकडेच. दोन्ही लेकरांना बापाने पहिल्यांदा पाहिलं ते चालायला लागल्यावर.

एकट्या बाईच्या दारात पुरुषाच्या चपला दिसायला हव्यात, असं ताहिराच्या सासूने तिला बजावलं होतं. सासू गेली तरी ताहिराने ते मोडलं नाही. नझीरभाईंच्या मापाच्या चपला तिच्या दाराबाहेर बारा महिने असायच्या. पण न वापरलेल्या चपलांवर धूळ बसते आणि कुणालाही कळतं की यांत पाय जात नाही. म्हणून ही बाई कचरा टाकायला जाताना त्याच चपला घालून जायची, टाचा झिजाव्यात म्हणून. मी तिची खूप थट्टा केली आहे यावरून. एकदा मी म्हणाले, नवऱ्याच्या चपलेत पाय घालून फिरतेस, उद्या त्याच्या क्रेनवर चढशील. ती हसली आणि मग हसता हसता थांबली. म्हणाली, “शोभाताई, मला त्यांचा फोनवरचाच आवाज ओळखीचा आहे. घरी येतात तेव्हा पहिले काही दिवस कोणी परकं माणूस बोलतंय असं वाटतं. तो आवाज आपला वाटायला लागतो आणि सुट्टी संपते.” त्यानंतर मी चपलांवरून बोलायचं सोडून दिलं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात नझीरभाई आले ते जुनी कंपनी सोडून. नव्या कंपनीचा व्हिसा यायचा होता आणि त्याला वेळ लागणार होता. आजवर इतके दिवस ते कधी घरात राहिले नव्हते. ताहिरा अगदी बदलून गेली. नवऱ्याच्या तक्रारी करण्याचं सुख तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते ती मनसोक्त उपभोगत होती. पंखा चालू ठेवून बाहेर जातात. ओला टॉवेल गादीवर टाकतात. चहात साखर कमी म्हणतात आणि दोन कप पितात. माझा नवरा हे सगळं रोजच करतो, मला त्यात सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं, पण तिचा चेहरा पाहून मी ऐकून घेत होते.

व्हिसाच्या कामासाठी दोघं एकदा मुंबईला एजंटाकडे गेली. नझीरभाईंची बहीण जास्मीन उरणला राहते. तिला भेटून मग घरी यावं म्हणून परतताना त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या बंदराची, लाँच धरली. पुढे जे झालं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं, पण सांगताना क्रमाने सांगते. मोऱ्याला पोचले तेव्हा ओहोटी होती. अशा वेळी लाँच धक्क्याला नीट टेकत नाही, पायऱ्यांशी हेलकावे खात उभी राहते आणि आपण अंदाज घेऊन उतरायचं. नझीरभाई आधी उतरले. मग वळून, लाँचीकडे झुकून त्यांनी ताहिराला हात दिला. चारचौघांत नवऱ्याने हात पुढे करण्याची ही पहिलीच वेळ. ती लाजली, घ्यावा की नाही अशी जरा घुटमळली. तेवढ्यात बाजूने गेलेल्या मच्छीमार बोटीची लाट आली, लाँच उचलली गेली आणि तिच्या काठाने नझीरभाईंना छातीवर दाबून मागच्या दगडी भिंतीशी चेपलं. खलाशांनी बांबू लावून लाँच मागे रेटली, तेव्हा ते सुटले.

रक्त नाही, जखम नाही. थोडा वेळ पायरीवर बसून नझीरभाई उठले आणि काही झालं नाही म्हणून हसले. जास्मीनच्या घरी गरम तेलाने छाती चोळली, हळद घातलेलं दूध झालं. दवाखान्यात जाऊ या, असं ताहिरा एकदा म्हणालीही. पण जास्मीनने आणि नझीरभाईंनी एका सुरात तिला गप्प केलं. मेडिकल तोंडावर आलं होतं.

हे मेडिकल म्हणजे काय, ते ज्यांच्या घरातलं कोणी आखातात गेलेलं नाही त्यांना कळायचं नाही. व्हिसा मिळण्याआधी रक्त तपासतात, छातीचा एक्स-रे काढतात आणि ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ असा एक शब्द सांगतात. त्या एका शब्दावर घराचं पुढचं सगळं. त्यामुळे या घरांमधून एक रीत पडून गेली आहे: मेडिकल होईपर्यंत आजाराचं नावसुद्धा काढायचं नाही. डॉक्टरकडे जायचं नाही, कारण डॉक्टर काहीतरी लिहून ठेवतो. शेजारणीला सांगायचं नाही, कारण शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून समोरच्या दारात मी, हृदयाच्या डॉक्टरकडे नोकरी करणारी, रोज त्यांच्याकडे डोकावत होते आणि मला कोणी अवाक्षर सांगितलं नाही.

मेडिकलमध्ये नझीरभाई फिट झाले. एक्स-रेत छाती साफ आली. ताहिराने इमारतीत मिठाई वाटली. मला तिने पेढा दिला तेव्हा तिचा चेहरा उपास असल्यासारखा उतरलेला होता, पण नवरा परत जाणार म्हणून असेल, असं मला वाटलं. तेही खरंच होतं. पण तिच्या मनावरचा एक दगड उतरलाही होता. छातीचा फोटो साफ आला म्हणजे मोऱ्याचा मारही साफ निघून गेला, असं त्या दोघांनी धरून टाकलं. चूक झाली ती इथे. तो एक्स-रे बघणारा फुप्फुसात टीबीचा डाग आहे का ते बघतो. हृदयाची त्यात नुसती सावली पडते, आणि सावलीवरून आतल्या मांसाला काय झालंय ते कळत नाही.

काही आठवड्यांनी नझीरभाईंना जिना चढताना दम लागू लागला. आधी त्यांनी तो लपवला. मग मशिदीत वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि लोकांनी धरून घरी आणलं. आता व्हिसा हातात होता, मेडिकल झालेलं होतं, त्यामुळे डॉक्टरकडे जायला हरकत नव्हती. नेहमीच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि तो बघून आमच्या चौलकरांकडे पाठवलं.

त्या दिवशी मी काउंटरवर होते. दोघांना बघून मला नवल वाटलं आणि काळजीही. नंबर मोडून मी त्यांना आत घेतलं, रांगेतल्यांची बोलणीही खाल्ली. इको करताना पेशंटला डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार जेली लावून यंत्र फिरवतात आणि पडद्यावर हृदय हलताना दिसतं. रिपोर्टचा कागद द्यायला मी आत गेले तेव्हा डॉक्टर पडद्याकडे बघत होते. हृदयाच्या टोकाकडची एक भिंत नीट आकसत नव्हती, बाकीचं हृदय काम करत होतं आणि ती भिंत तशीच पडून होती. त्यांनी विचारलं, कधी हार्ट अटॅक येऊन गेला का? नझीरभाई म्हणाले, नाही. छातीत जोरात दुखलं होतं का? नाही. काही मार, अपघात? तेही नाही. ताहिरा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, ती जमिनीकडे बघत होती.

डॉक्टरांना वाटलं, न कळता अटॅक येऊन गेला असणार, असं पुष्कळांचं होतं. त्यांनी अँजिओग्राफीसाठी मुंबईला पाठवलं. तिथून रिपोर्ट आला: हृदयाच्या रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या, कुठे अडथळा नाही. नझीरभाईंच्या अंगात एकदम बळ आलं. तिकीट काढून टाका, असा त्यांनी एजंटाला निरोप दिला. डॉक्टरांनी एकदा परत येऊन भेटा म्हणून सांगितलं होतं, तेवढं उरकायचं आणि निघायचं.

त्याच आठवड्यात मी मासळी बाजारात गेले. मोऱ्याची ठमाबाई तिथे बसते, माझी आणि ताहिराची दोघींची तीच कोळीण. बांगडे निवडता निवडता तिने मला विचारलं, “तुज्या शेजारणीचा घरवाला बरा हाय का आता? त्या दिशी लाँचीत लय जोरान चेपला. मी व्हती ना मागं पाटी घेऊन. मला तं वाटला, मानूस गेला.” मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, कुणाबद्दल बोलतेस. तिने ताहिराचं नाव घेतलं, हिरवी ओढणी सांगितली, हात पुढे केल्याचंही सांगितलं.

बांगडे तिथेच सोडून मी घरी आले. तडक ताहिराच्या स्वयंपाकघरात शिरले आणि तोंडाला येईल ते बोलले. डॉक्टरने समोर बसून विचारलं आणि तुम्ही दोघं अळीमिळी गुपचिळी करून बसलात. नवऱ्याच्या जिवापुढे व्हिसा मोठा वाटला का? ती पीठ मळत होती. मी बोलायची थांबले तरी ती मळतच राहिली, पीठ पार सैल झालं.

मग तिने सांगितलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते वेगळंच निघालं.

“मेडिकलसाठी मी गप्प बसले, ते खरं आहे,” ती म्हणाली. “पण आता व्हिसासाठी नाही बसले. शोभाताई, मला त्यांना जाऊ द्यायचंच नाहीये. इतकी वर्षं प्रत्येक नमाजात मी एकच दुआ मागते, काहीतरी होऊ दे आणि यांना इथेच राहू दे. आता काहीतरी झालंय. हे माझ्या मागण्याने झालं असेल तर?”

भांडण विसरून मी तिच्याजवळ सरकले.

तिचं बोलणं संपलं नव्हतं. ती म्हणाली, मी डॉक्टरांना सांगितलं तर अरसलानचे अब्बा म्हणतील की मी त्यांना अडवायला सांगितलं. आणि मी छातीवर हात ठेवून नाही म्हणू शकणार नाही. न सांगितलं तर ते हसत विमानात बसतील आणि तिकडे, माझ्या नजरेआड, त्यांना काही झालं तर? ते मी कुणाला सांगू? हे म्हणताना तिला रडू फुटलं. पिठाच्या हातांनी डोळे पुसता येईनात, म्हणून मी माझ्या पदराने पुसले.

मी तिला काय समजावणार? म्हटलं, अल्लाला तुझ्या नवऱ्याशिवाय दुसरी कामं नाहीत का? लाँच लाटेने उचलली, तुझ्या दुआने नाही. सांगायचं तर तू सांग. तुझ्याकडून होणार नसेल तर मी जाऊन सांगते, मला कुणाच्या रागाची भीती नाही. ती म्हणाली, नको, मीच सांगेन, तुमच्या तोंडून कळलं तर ते मला कधीच माफ करणार नाहीत. मी म्हटलं, आणि तुझ्या तोंडून कळलं तर करतील? ती परातीतलं पीठ गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात आली. नझीरभाई खुशीत होते. काउंटरवर त्यांनी माझ्याशी थट्टा केली, दोह्याहून तुमच्यासाठी अत्तर आणतो म्हणाले. मला हसता आलं नाही. त्यांच्या मागोमाग मी फाइल घेऊन आत गेले आणि उगाच रेंगाळले, हे कबूल करते.

डॉक्टर चौलकर शांत माणूस आहे, पण त्या दिवशी ते बेचैन होते. अँजिओग्राफीचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर पसरून ठेवला होता. ते म्हणाले, “रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, मग ही भिंत अशी का, हे मला कळत नाहीये. रक्त पोचतंय तरी मांस दुखावलेलं आहे. एकदाच विचारतो. छातीवर कधी काही आदळलं होतं? महिन्याभरापूर्वी, दोन महिन्यांपूर्वी, कधीही?”

“नाही,” नझीरभाई म्हणाले.

“हो,” ताहिरा म्हणाली.

मग ती उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. ओहोटी, लाँच, हात, लाट, दगडी भिंत. नवऱ्याकडे न बघता, डॉक्टरांकडे बघून. नझीरभाई तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून, नुसतं आश्चर्य होतं, आपल्याच घरातलं माणूस हे कसं करू शकतं याचं.

डॉक्टरांनी त्यांना लगेच परत टेबलावर झोपवलं. आधी सहज फिरवलेलं यंत्र त्यांनी आता वेगवेगळ्या बाजूंनी, फासळ्यांच्या फटीफटीतून, तिरपं करून फिरवलं. बराच वेळ झाला. मग एका जागी त्यांचा हात थांबला. त्या पडून राहिलेल्या भिंतीच्या मागे एक खिसा होता. अरुंद तोंडाचा, आत रक्त जात होतं आणि बाहेर येत होतं, पडद्यावर ते निळ्या-लाल रंगात दिसत होतं. मला म्हणाले, खिडकी बंद करा, उजेड येतोय. उजेड येत नव्हता. त्यांना थोडा वेळ हवा होता. मग ते म्हणाले, पहिल्या वेळी मी अटॅकच्या खुणा शोधत होतो, त्या जशा असतात तसं काहीसं दिसलं आणि मी थांबलो. मार लागलाय हे माहीत असतं तर इथपर्यंत आलो असतो.

खात्री करायला शिरेत रंगद्रव्य सोडून सीटी स्कॅन केला. त्यात ते स्पष्ट आलं. लाँचीने छाती दाबली तेव्हा हृदय छातीचं हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये चेपलं गेलं होतं आणि एका ठिकाणी भिंत चिरली होती. डॉक्टरांनी ताहिराला समजावलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, उशीची आतली खोळ फाटलीय, बाहेरच्या अभ्र्याने कापूस धरून ठेवलाय. अभ्रा किती दिवस धरेल ते कोणी सांगू शकत नाही. विमानात सुटला असता, क्रेनवर सुटला असता, घरी जेवताना सुटला असता. आता ऑपरेशन, आणि लवकर.

ऑपरेशन मुंबईला झालं. नीट झालं. टाके पडले, हाड तारांनी बांधलं. माणूस वाचला, व्हिसा गेला. त्या तारा कुठल्याही एक्स-रेत दिसणार, म्हणजे नझीरभाई जन्माचे अनफिट.

घरी आल्यावर ते ताहिराला एवढंच म्हणाले, “तुला हेच हवं होतं.”

“हो, हवं होतं,” ती म्हणाली. “असं नको होतं.”

हे तिनेच मला सांगितलं, आणि पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर चार भांडी आपटली असती. माणूस मरणाच्या दारातून परत आणला आणि वर ऐकून घ्यायचं. पण ती म्हणाली, शोभाताई, खोटं नाही ना ते.

मग तीन-साडेतीन वर्षं गेली. नझीरभाई एका नातेवाइकाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागले. सकाळी जायचे, दुपारी जेवायला यायचे, संध्याकाळी घरी. ताहिराला जे जन्मभर हवं होतं ते अगदी तसंच्या तसं मिळालं होतं. ओला टॉवेल गादीवर पडत होता. पण तक्रार करायची मजा संपली होती, कारण ते मनाने तिथे नव्हतेच. मनगटावरच्या घड्याळात त्यांनी दोह्याची वेळ बदलली नव्हती, अडीच तास मागेच चालायचं ते. तिकडचे मित्र फोन करायचे तेव्हा त्यांचा आवाज खुलायचा. ताहिरा मला एकदा म्हणाली की पूर्वी ते लांब असायचे तेव्हा निदान कुणाची वाट बघायची ते कळायचं. आता समोर बसलेल्या माणसाची वाट कशी बघायची? मी तिच्या पुढ्यातली कोथिंबीर निवडायला घेतली.

दरम्यान अरसलान वीस वर्षांचा झाला. एसी दुरुस्तीचा कोर्स त्याने पुरा केला आणि बापाच्या ओळखीने त्याला दोह्याचा व्हिसा आला. मला ताहिराचा चेहरा बघवेना. नवऱ्याला ठेवून घेतलं आणि मुलगा द्यावा लागला. पण तिने विरोध केला नाही, मुलगा स्वतःच उतावीळ झाला होता. मेडिकलच्या आधी त्याला ताप भरला. जास्मीन उरणहून आलेली, ती सवयीने म्हणाली, आता चार दिवस कुणाला काही बोलू नका. नझीरभाई उठले. एक शब्द न बोलता त्यांनी पोराला दंडाला धरलं आणि डॉक्टरकडे घेऊन गेले. मी दारातून पाहिलं, ताहिरा खिडकीपाशी उभी राहून खाली जाणाऱ्या त्या दोघांकडे बघत होती.

ताप साधाच होता. मेडिकल झालं, तिकीट आलं. दुपारचं विमान होतं. भाड्याची सुमो करून आम्ही सगळे सहारला गेलो, मलाही ओढून नेलं. विमानतळावर प्रवाशालाच आत सोडतात, बाकीच्यांनी काचेबाहेर थांबायचं. अरसलानने आईला मिठी मारली, बापाला सलाम केला, मला म्हणाला, मावशी, अम्मीशी भांडू नका. आयत रडायला लागली. तो ट्रॉली ढकलत आत गेला.

नझीरभाई थोडा वेळ उभे राहिले आणि मग चला म्हणून वळले. त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नसावं. आजवर ते त्या दारातून फक्त आत गेले होते. बाहेर उभं राहून कसं निघायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

ताहिरा हलली नाही. ती काचेपाशी, एका ठराविक जागी जाऊन उभी राहिली होती.

“थांबा,” ती म्हणाली. “अजून एकदा दिसेल. रांग त्या खांबापाशी वळते, तिथे दिसतो.”

नझीरभाई परत आले. आम्ही सगळे बघत राहिलो. खरंच थोड्या वेळाने तो खांबापाशी आला, खांद्यावर बॅग, हातात पासपोर्ट. कागदात काहीतरी शोधत होता. शोधता शोधता पुढे सरकला आणि दिसेनासा झाला.

“मागे बघितलं नाही त्याने,” नझीरभाई म्हणाले.

“नाही बघत,” ताहिरा म्हणाली. “तुम्ही पण नाही बघितलंत कधी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रोजचं काहीतरी सांगावं तसं ती बोलली. नझीरभाई तिच्याकडे बघू लागले. मग त्यांनी ती उभी असलेली जागा पाहिली, तिथून खांब पाहिला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“तू दर वेळी इथे थांबायचीस?”

“विमान गेल्याचं बोर्डावर येईपर्यंत.”

सुमोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याला गप्प केलं. परत आले तेव्हा नझीरभाई ताहिराच्या शेजारी, काचेला लागून उभे होते. विमान सुटायला बराच अवकाश होता. बोर्डावर ते गेल्याचं येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.